गाऊन घालून पाहण्याचे पैसे : कोणाचा हक्क, कोणाचे कर्तव्य?



ईस्टर झाला की आपल्या धर्मग्रामात लग्नसराईला सुरुवात होते. मिस्सानंतर विवाहाच्या घोषणा वाचल्या जाऊ लागतात आणि घराघरांत खरेदीची चर्चा सुरू होते. या चर्चेत अलीकडे एक नवा विषय येऊ लागला आहे. वधूचा गाऊन पाहायला मोठ्या शहरातील दुकानात जावे, तर काही ठिकाणी तो अंगावर घालून पाहण्याचेच पैसे मागितले जातात. याला कोणी 'ट्रायल चार्ज' म्हणतात, कोणी 'अपॉइंटमेंट फी' म्हणतात. गाऊन घेतला तर ही रक्कम बहुधा बिलातून वजा होते. नाही घेतला तर ती गेली.

हे ऐकून पुष्कळ आई-वडिलांना राग येतो. "घालून पाहायचे कसले पैसे? उद्या दुकानात पाय ठेवायचेही मागतील!" असे ते म्हणतात. दुसरीकडे दुकान चालवणारे आपले बांधवही आहेत आणि त्यांनाही काही सांगायचे आहे. म्हणून या आठवड्याच्या पाठात आपण दोन्ही बाजू समजून घेऊ, कायदा काय म्हणतो ते पाहू आणि पवित्र शास्त्राच्या प्रकाशात योग्य काय ते ठरवू. विषय छोटा दिसतो, पण त्यात मजुरी, सचोटी, गरिबाचा मान आणि कर्ज या चारही गोष्टी गुंतलेल्या आहेत.

१. बस्ता आणि गाऊन यांतील फरक

आपल्याकडे लग्नाचा बस्ता बांधायला दहा-बारा माणसे एकदम दुकानात जातात. दुकानदार गादीवर बसवतो, चहा मागवतो आणि एकामागून एक साड्या उलगडून टाकतो. पन्नास साड्या पाहून पाच घेतल्या तरी तो कुरकुरत नाही. एखादे वेळी काहीच न घेता उठलो तरी "पुन्हा या" म्हणतो. त्या उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालणाऱ्या पोऱ्याचा पगार आणि चहाचा खर्च कुठून निघतो? तो साड्यांच्या किमतीतूनच निघतो. म्हणजे 'पाहणे फुकट' हे पूर्ण खरे नाही. जो विकत घेतो तो न घेणाऱ्याचाही खर्च भरत असतो. ही पद्धत चालते, कारण साडी खांद्यावर टाकून पाहता येते. तिला माप नसते. ती न मळता पुन्हा घडीत जाते.

गाऊनचे तसे नाही. तो शिवलेला असतो आणि अंगात घातल्याशिवाय कळत नाही. दुकानात एका नमुन्याचे बहुधा एकच माप असते. ते सैल झाले तर मागून चिमटे लावून बसवावे लागते. पाठीवरच्या नाड्या आणि हुक लावायला एक बाई सोबत लागते. चार गाऊन घालून पाहायचे म्हटले तर तास सहज जातो. कापड पांढरे सॅटिन किंवा नेटचे असते, त्यावर मण्यांचे काम असते. ओठांची लाली किंवा चेहऱ्याचा मेकअप लागला की डाग पडतो आणि ड्रायक्लीनिंगचा खर्च येतो. पाच-पंचवीस वेळा घालून पाहिलेला गाऊन नवा म्हणून विकता येत नाही.

२. दुकानदाराची बाजू

परदेशात ही पद्धत आपल्या आधी आली. इंग्लंड-अमेरिकेतील वधूवस्त्रांच्या अनेक दुकानांत आधी वेळ ठरवून जावे लागते आणि काही दुकाने त्या वेळेचे पैसे घेतात. शनिवारी गर्दी असते म्हणून काही ठिकाणी फक्त त्याच दिवशी घेतात. याचे एक कारण म्हणजे ठरवलेल्या वेळी न येणारी गिऱ्हाइके. दुसरे कारण इंटरनेट. दुकानात गाऊन घालून माप आणि रंग ठरवायचा, मोबाईलवर फोटो काढायचा आणि घरी जाऊन तोच गाऊन ऑनलाइन स्वस्तात मागवायचा, नाहीतर फोटो दाखवून शिंप्याकडून शिवून घ्यायचा, असे सर्रास घडू लागले. दुकानाचे भाडे, वीज आणि मदतनीस बाईचा पगार मात्र दुकानदारालाच भरावा लागतो.

हे दुखणे फक्त गाऊनच्या दुकानाचे नाही. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरात खाद्यपदार्थांच्या एका दुकानाने २०१३ मध्ये 'नुसते पाहणाऱ्या' गिऱ्हाइकाकडून पाच डॉलर घेण्याची पाटी लावली होती. खरेदी केली तर ते पाच डॉलर वजा होत. लोक दुकानात येऊन माहिती विचारतात आणि माल दुसरीकडून घेतात, अशी त्या दुकानाची तक्रार होती. जगभर त्या पाटीची चर्चा झाली. पुष्कळांना तिचा रागही आला, पण तक्रार खोटी होती असे म्हणता येणार नाही.

तेव्हा पहिली गोष्ट मान्य करू या. ट्रायल घेणे म्हणजे कोणाचा तरी वेळ आणि कोणाचे तरी श्रम घेणे होय. हे श्रम बहुधा एखादी तरुण मुलगी करत असते. ती दिवसभर उभी राहून दुसऱ्यांच्या लेकींना सजवते.

३. ग्राहकाची बाजू

आता दुसरी बाजू पाहू. बल्लारपूरहून चंद्रपूर जवळ आहे, पण गाऊनसाठी निवड हवी तर बरीच कुटुंबे नागपूर गाठतात. हा एका बाजूचा प्रवास दीडशे किलोमीटरांहून अधिक आहे. गडचिरोलीच्या आतल्या गावांतून येणाऱ्यांना तर त्याहून लांब पडते. मुलगी, आई, मावशी अशा तिघींचे तिकीट, जेवण आणि एका दिवसाची बुडालेली मजुरी एवढे आधीच खर्च झालेले असते.

समजा, दुकानाने ट्रायलचे ५०० रुपये मागितले. तीन दुकाने पाहिली तर दीड हजार रुपये झाले. गाऊन एकाच दुकानातून घेणार, म्हणून तिथले पाचशे वजा होतील. बाकीचे हजार गेले. शहरात राहणाऱ्या सुखवस्तू घराला याचे काही वाटत नाही. रोजंदारीवरच्या घराला मात्र ते लागते. जिचे शरीर दुकानातल्या नमुन्याच्या मापात बसत नाही, जाड आहे किंवा फार किरकोळ आहे, अशा मुलीला जास्त दुकाने फिरावी लागतात. म्हणजे तिलाच जास्त पैसे भरावे लागतात आणि वर लाजही सोसावी लागते.

याहून मोठा धोका वेगळा आहे. एकदा पाचशे रुपये दिले की मन अडकते. "पैसे दिलेच आहेत, मग इथूनच घेऊ," असे वाटू लागते. समोरचा गाऊन ठरवलेल्या रकमेपेक्षा पाच हजारांनी महाग असतो. मुलगी आरशासमोर उभी असते, मदतनीस बाई "किती छान दिसते" म्हणत असते आणि बापाचा हात खिशाकडे जातो. पाचशे रुपये वाया जाऊ नयेत म्हणून पाच हजार जादा जातात. ते पाच हजार कर्जाचे असतील, तर लग्नानंतर कितीतरी महिने फिटत राहतात. लहानशी फी मोठ्या खर्चाचे दार उघडते ते असे.

४. कायदा काय सांगतो

आपल्या देशात ग्राहक संरक्षण कायदा प्रथम १९८६ मध्ये झाला. त्याला २४ डिसेंबर रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून नाताळच्या आदला दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्या कायद्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला.

ट्रायलचे पैसे घेऊच नयेत असे हा कायदा सांगत नाही. पण त्यातील काही गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत.

पहिली गोष्ट. फुकट दिलेली सेवा या कायद्याच्या 'सेवा' या व्याख्येत येत नाही. पैसे घेऊन दिलेली सेवा येते. म्हणजे ज्या क्षणी दुकान ट्रायलचे पैसे घेते, त्या क्षणी आपण 'नुसते पाहायला आलेले' राहत नाही. आपण ग्राहक होतो. मग ठरलेली वेळ, सांगितलेले गाऊन आणि नीट मदत मिळणे हा आपला हक्क होतो.

दुसरी गोष्ट. किंमत आधी कळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कापडी पिशवीच्या प्रकरणात एका मोठ्या दुकानसाखळीविरुद्ध निर्णय दिला. माल निवडून झाल्यावर, पैसे देण्याच्या काउंटरवर अचानक पिशवीचे पैसे मागणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे आयोगाने ठरवले. पिशवीला किंमत असते हे खरे, पण ती आधी सांगितली पाहिजे. हाच विचार ट्रायलच्या पैशांना लावता येतो. मुलगी गाऊन घालून बाहेर आल्यावर "याचे पाचशे होतील" म्हणणे आणि फोनवर वेळ ठरवतानाच सांगणे यांत मोठा फरक आहे.

तिसरी गोष्ट. बिल किंवा पावती न देणे हीसुद्धा अनुचित प्रथा आहे. सदोष माल परत न घेणे हीही तशीच आहे. बिलावर मुदत दिलेली नसेल तर ती ३० दिवस धरली जाते. तेव्हा 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही.

चौथी गोष्ट. नागपूर-मुंबईत घेतलेल्या वस्तूची तक्रारही आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. आपल्यासाठी ते चंद्रपूरला आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी तक्रारीची फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक लक्षात ठेवावा.

५. पवित्र शास्त्राची शिकवण

कायदा कमीत कमी काय करावे ते सांगतो. प्रभूचा शिष्य त्याच्यापुढे पाहतो.

प्रभू येशूने शिष्यांना पाठवताना सांगितले की काम करणारा आपल्या मजुरीला पात्र आहे (लूक १०:७). जुन्या करारात तर मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी देण्याची आज्ञा आहे (अनुवाद २४:१५). म्हणून दुसऱ्याच्या श्रमाचा एक तास घ्यायचा आणि मनात आधीच ठरवलेले असायचे की माल दुसरीकडून घेणार, हे आपल्याला शोभत नाही. नीतिसूत्रांच्या पुस्तकात (२०:१४) एका गिऱ्हाइकाचे चित्र आहे. ते दुकानात मालाला नावे ठेवते आणि बाहेर पडल्यावर आपण किती स्वस्तात घेतले याची फुशारकी मारते. इतक्या जुन्या काळचे हे गिऱ्हाईक आजही आपल्या ओळखीचे वाटते.

विकणाऱ्यासाठीही शास्त्र तेवढेच स्पष्ट आहे. खरी तागडी, खरी वजने, खरी मापे ठेवा (लेवीय १९:३६). लपवलेली फी म्हणजे खोटे वजनच होय. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण-ग्रंथ सातव्या आज्ञेचे विवेचन करताना (परिच्छेद २४०९) सांगतो की दुसऱ्याच्या अज्ञानाचा किंवा अडचणीचा फायदा घेऊन किंमत वाढवणे ही एक प्रकारची चोरी आहे. लग्न आठ दिवसांवर आलेले कुटुंब अडचणीतच असते, हे दुकानदाराने विसरू नये.

आणि आपल्या सर्वांसाठी याकोबाचा इशारा आहे (२:२-४). भारी कपड्यातला माणूस आला की त्याला पुढची जागा आणि मळक्या कपड्यातल्याला पायाशी, असा भेद मंडळीत चालू देऊ नका, असे तो बजावतो. हा भेद दुकानात होतो, पण चर्चच्या दारातही होतो. "गाऊन साधाच होता," ही आपली कुजबूज एखाद्या बापाला पुढच्या मुलीच्या लग्नात कर्ज काढायला लावते. दुकानाच्या पाचशे रुपयांपेक्षा आपल्या जिभेचा दंड जास्त असतो.

६. विवाहविधीला कोणते वस्त्र लागते?

पांढरा गाऊन हा चर्चचा नियम आहे असा पुष्कळांचा समज आहे. तसे नाही. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया १० फेब्रुवारी १८४० रोजी पांढऱ्या सॅटिनच्या पोशाखात विवाहाला उभी राहिली आणि त्यानंतर पांढऱ्या गाऊनची चाल युरोपात आणि पुढे जगभर पसरली. त्याआधी युरोपातील वधू आपला असलेला चांगला पोशाख घालत, मग तो कोणत्याही रंगाचा असो. पूर्वेकडील ख्रिस्तसभांच्या १९९० च्या धर्मनियमसंहितेत वधू-वरांची संमती, धर्मगुरूंचा आशीर्वाद आणि किमान दोन साक्षीदार यांना महत्त्व आहे. गाऊनला तिथे जागा नाही.

आपला चांदा धर्मप्रांत सिरो-मलबार परंपरेचा आहे. या परंपरेच्या विवाहविधीत एका वस्त्राला मात्र मानाची जागा आहे. ते म्हणजे मंत्रकोडी. वराने आणलेली ही साडी धर्मगुरू आशीर्वादित करतात आणि वर ती वधूच्या मस्तकावर ठेवतो. ताली ओवायला याच साडीचे धागे काढण्याची चाल आहे. अब्राहामाच्या सेवकाने रिबेकेला वस्त्रे दिली (उत्पत्ती २४:५३), त्याची आठवण यावी असा हा प्रसंग असतो. विचार करा : ज्या वस्त्रावर आशीर्वाद मागितला जातो, त्याला ट्रायल लागत नाही. ते कोणत्याही मापाच्या वधूला होते. ट्रायलचे पैसे ज्यासाठी मागितले जातात, ते वस्त्र विधीला लागतच नाही.

याचा अर्थ गाऊन घालू नये असा नाही. आपल्या गावात कागद कारखाना, कोळसा खाणी आणि रेल्वे यांच्या निमित्ताने वेगवेगळ्या प्रांतांतून आलेली कुटुंबे आहेत. कोणाकडे गाऊनची चाल आहे, कोणाकडे पांढऱ्या साडीची. मुलीला हौस असेल तर ती पुरवावी. पण हौस ही हौस म्हणून करावी, धर्माची अट समजून कर्ज काढू नये. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या आपल्या कुटुंबविषयक पत्रात (परिच्छेद २१२) हीच चिंता व्यक्त केली आहे. कपडे, पत्रिका आणि मेजवानी यांत पैसा आणि शक्ती इतकी संपते की वधू-वर थकून विवाहाच्या दिवसापर्यंत येतात आणि ज्या पावलासाठी हे सारे केले त्याची तयारी राहून जाते, असे ते म्हणतात. वेगळे वागण्याचे धैर्य ठेवा, असा त्यांचा तरुणांना सल्ला आहे.

७. मग आपण काय करावे?

ट्रायलचे पैसे न्याय्य आहेत की नाहीत, हे ठरवायला आपण पाच कसोट्या लावू या. रक्कम आधी सांगितली आहे का? ती वेळेच्या आणि श्रमाच्या मानाने माफक आहे का? खरेदी झाल्यास ती बिलातून वजा होते का? तिची पावती मिळते का? आणि न घेता उठल्यास अपमान होत नाही ना? पाचही उत्तरे 'होय' असतील तर कुरकूर न करता पैसे द्यावेत किंवा नम्रपणे दुसरे दुकान पाहावे. एकही उत्तर 'नाही' असेल तर स्पष्ट विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

जाणाऱ्या कुटुंबाने निघण्याआधी फोन करावा. ट्रायलचे पैसे किती, गाऊन विकत मिळतो की भाड्यानेही, भाड्याचा असेल तर अनामत किती, डाग पडल्यास किती कापणार, फिटिंगचे वेगळे किती, हे सारे विचारून वहीत लिहावे. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचा दाखला प्रभूने दिला आहे (लूक १४:२८). तो बस्त्यालाही लागू आहे. घरातून निघतानाच शेवटची रक्कम ठरवावी आणि ट्रायलचे पैसे त्या रकमेतच धरावेत. सोबत दोन माणसे पुरेत. मेकअप न करता आणि हात धुऊन ट्रायलला जावे. विचारल्याशिवाय फोटो काढू नये. घ्यायचा नसेल तर चार गाऊन काढायला लावू नयेत.

दुकान, शिवणकाम किंवा भाड्याचे काम करणाऱ्या आपल्या बांधवांनी दर ठळक अक्षरांत लावावेत, मिळालेल्या पैशांतून मदतनीस मुलीला तिचा वाटा द्यावा आणि गरीब वधू आली तर ट्रायलचे पैसे सोडून देण्याची मुभा आपल्या मनाजवळ ठेवावी.

धर्मग्राम म्हणूनही एक गोष्ट करता येईल. एकदाच घातलेले कितीतरी गाऊन आपल्या कपाटांत पिवळे पडत आहेत. ज्यांची इच्छा असेल त्यांनी ते स्वच्छ करून मातृसंघाच्या भगिनींकडे द्यावेत. आपल्यातच शिवणकाम जाणणाऱ्या भगिनी आहेत, त्या मापात बसवून देऊ शकतील. ज्या मुलीला हवा तिने येऊन घालून पाहावा आणि कोणाला न सांगता घेऊन जावा. गाऊन कोणाचा होता हे देणारी आणि घेणारी दोघींनीही गुपित ठेवावे, म्हणजे कोणाचा मान कमी होणार नाही.

कुटुंब-प्रार्थनासभेत चर्चेसाठी

१. दुसऱ्याचा वेळ घेऊन काहीच न देता उठण्याचे प्रसंग आपल्या व्यवहारात कुठे कुठे येतात?
२. आपल्या घरच्या लग्नात कोणता खर्च विधीसाठी झाला आणि कोणता 'लोक काय म्हणतील' म्हणून?
३. आपल्या वॉर्डात येत्या वर्षी ज्या घरी लग्न आहे, त्यांना खर्चाशिवाय आपण कोणती मदत करू शकतो?

या आठवड्याचा संकल्प : कोणाच्याही लग्नातील कपड्यांविषयी वाईट शब्द बोलणार नाही. कानातील आमंत्रण स्वीकारून गालीलातील काना गावच्या लग्नघराची अडचण सावरणारा प्रभू येशू आपल्या गावातील प्रत्येक लग्नघराला पुरेसे देवो आणि पुरेशात समाधान मानण्याची बुद्धी देवो.